जोत्याची पातळी

वास्तुशांतीला गेलेल्या माणसाने काय बोलायचं, हे नाशिकमध्ये ठरलेलं आहे. हवा छान खेळते. देवघराला कोपरा बरा मिळाला. पार्किंग तुमचं स्वतंत्र ना? एवढं झालं की पाहुणा पंगत कुठे बसलीय ते बघायला मोकळा. नकाशेकाका यातलं एक वाक्य बोलत नाहीत. ते चपला काढता काढता आधी गेटबाहेरच्या रस्त्याकडे बघतात, मग जिन्याच्या पहिल्या पायरीकडे, मग पुन्हा रस्त्याकडे, आणि होमाच्या धुराने डोळे चोळत बाहेर आलेल्या यजमानाला विचारतात, "जोत्याची पातळी किती?"

यजमानाला वाटतं, हाही विधीचाच भाग असेल. तो गुरुजींकडे बघतो. गुरुजी दक्षिणेचा हिशेब थांबवून काकांकडे बघतात.

"समुद्रसपाटीपासून विचारतोय," काका समजावतात. "ते माहीत नसेल तर निदान रस्त्यापासून सांग. म्हणजे कसं, तुझ्या गेटसमोर हा जो उतार आहे ना, तो रस्त्याचा उतार नव्हे. तो नाल्याचा काठ आहे. जुन्या शीटवर इथून काळी रेघ जाते."

यानंतर त्या पंगतीतला मठ्ठा सगळ्यांनाच जरा आंबट लागतो.

काकांचं खरं आडनाव कॉलनीत फारसं कुणी वापरत नाही. पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि शाईच्या पेनाशी. धरणाचे छेद, कालव्यांच्या आखण्या, पाणलोटाचे नकाशे त्यांनी ट्रेसिंग क्लॉथवर गिरवले आणि त्यांच्या अमोनिया प्रिंट काढल्या. त्या अमोनियाने त्यांचं नाक कायमचं गेलं, दूध उतू जाऊन करपलं तरी ह्यांना पत्ता नसतो, असं काकू सांगतात. काकांचं म्हणणं, दूध सायंकाळी साडेसहाला तापतं हे माहीत असताना वास कशाला यायला हवा.

अशी माणसं नाशिकला पिकतात याला कारण आहे. दिंडोरी रोडवर १९५९ पासून 'मेरी' आहे, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. राज्यातल्या धरणांची संकल्पचित्रं करणारी मध्यवर्ती संघटना इथलीच. नद्यांच्या गेजची, पर्जन्यमापकांची आकडेवारी सांभाळणारं जलविज्ञानाचं कामही नाशिकातूनच चालतं. त्यामुळे द्राक्षं, कांदा आणि निवृत्त पाटबंधारेवाले ही या जिल्ह्याची तीन मुख्य पिकं झाली. पहिल्या दोघांचा भाव पडतो-चढतो. तिसऱ्याचा गंगापूर धरण साठ टक्क्यांवर गेल्याशिवाय कुणी विचारत नाही.

काकांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे नकाशा आहे. हा नकाशा विकत मिळत नाही, चिकटवावा लागतो. झालं असं आहे की भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चौकोन पाडताना नाशिकचा विचार केला नाही. वीस अंशांचा अक्षांश शहराच्या पोटातून जातो आणि त्र्याहत्तर अंश पंचेचाळीस मिनिटांचा रेखांश सातपूरजवळून. शीट फाटते ती नेमकी या रेषांवर. त्यामुळे त्र्यंबकेश्वर ४७ ई/९ वर, गंगापूर धरण ४६ एच/१२ वर, रामकुंड ४६ एच/१६ वर आणि नाशिकरोडचं स्टेशन ४७ ई/१३ वर. एका नाशिकला चार शीटा लागतात! दुसऱ्या कुणी हे दुर्दैव म्हणून सोडून दिलं असतं. काकांनी मैद्याची खळ शिजवली, चारही शीटा घेतल्या आणि एका रविवारी सांधा जुळवला.

सांधा अजून पुरता जुळलेला नाही. कागद आक्रसतो, चारही शीटांच्या मोजणीचं साल एक नसतं, त्यामुळे एका शीटवरून आलेला रस्ता दुसऱ्या शीटवर दोन मिलिमीटर सरकून पुढे जातो. "दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर शंभर मीटर," काका सांगतात. "सातपूरला कंपनीत जाणारा माणूस रोज शंभर मीटर बाजूला उडी मारतो, त्याला कळत नाही इतकंच." सोफ्यावर बसणाऱ्याला एकच सूचना असते: अंजनेरीवर डोकं टेकू नका. पूर्वी कुणीतरी टेकलं होतं, तेव्हापासून अंजनेरीच्या पायथ्याशी सरकारने न बांधलेला एक तलाव दिसतो. तो खोबरेल तेलाचा आहे.

आता ती काळी रेघ. या शीटांवर बारमाही पाणी निळ्याने दाखवतात आणि पावसाळ्यापुरतं वाहणारं पात्र काळ्याने. नकाशा बघणाऱ्याचं लक्ष साहजिकच निळ्याकडे जातं. गोदावरी, दारणा, धरणाचा पसारा. काळ्या रेघेकडे ढुंकून कुणी बघत नाही. काकांचं सगळं लक्ष काळ्यावर. कारण निळ्या रेघेवर घर बांधायला सहसा कुणी धजत नाही. काळ्या रेघेवर मात्र नऊ महिने धूळ असते, त्यावर मुरूम टाकला की प्लॉट पडतो, प्लॉटवर रो-हाऊस होतं आणि रो-हाऊसला 'गोदाई' नाहीतर 'गंगोत्री' नाव देतात. पुढे एखाद्या सप्टेंबरात नाला नावाप्रमाणे वागतो.

दहीपुलाशी उभं राहून काका नवख्या माणसाला पायाखाली बघायला लावतात. खाली सरस्वती नाला आहे, झाकलेला. वर भांडी, कपडे, सोनं; खाली पाणी. जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी शिरतं आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. 'सराफ बाजारात पाणी शिरलं' हे वाक्य काकांना मान्य नाही. त्यांच्या मते बाजार पाण्यात शिरलेला आहे आणि पाणी फक्त अधूनमधून हजेरी लावतं.

एवढं जाणणाऱ्या माणसाने स्वतःचं घर कुठे घ्यावं? काकांनी कॉलनीतली सगळ्यात उंच समोच्च रेषा शोधली आणि तिच्यावर तिसरा मजला घेतला. भाजी आणायला काकूंना उतरावं लागतं आणि पिशव्या घेऊन चढावं लागतं. रिक्षावाला अर्ध्या चढावर मीटरपेक्षा जास्त मागतो. तेही चाललं असतं, पण उंचावर नळाला दाब येत नाही. उन्हाळ्यात या इमारतीला टँकर लागतो. "पूर यायचा नाही हे खरं," काकू म्हणतात, "पण नळालाही काही यायचं नाही. ह्यांनी पाण्याची इतकी काळजी घेतली की पाण्याने आमचा नाद सोडला."

काकांना पत्ता विचारणं ही हौशी माणसाने करायची गोष्ट आहे. सिलिंडरवाल्याचा फोन आला तर ते म्हणतात, "मेहेर सिग्नलहून वायव्येला ये." पोरगा विचारतो, वायव्येला म्हणजे पेट्रोल पंपाकडून का? काका म्हणतात, "तुला चढ लागतोय का उतार?" चढ लागतोय. "मग बरोबर आहेस. चढ संपेपर्यंत ये. उतार लागला की चुकलास." हा पत्ता शंभर टक्के अचूक आहे आणि आजवर कुणाच्या उपयोगी पडल्याचं ऐकिवात नाही. शेवटी काकू फोन घेतात आणि सांगतात, "अरे, गणपती मंदिराच्या मागची पिवळी बिल्डिंग."

नकाशा या विषयात काकांची भक्ती आणि भांडणं दोन्ही जुन्या लोकांशी आहेत. पहिलं भांडण टॉलेमीशी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून त्याने सगळ्या माहीत जगाच्या गावांचे अक्षांश-रेखांश लिहिले, त्यात 'नासिक' आहे. याचा काकांना कोण अभिमान! कुठल्याही दुसऱ्या शहरातला पाहुणा आला की पहिल्या चहालाच ते विचारतात, "तुमचं गाव आहे का टॉलेमीत?" पण त्याच टॉलेमीने भारताचं द्वीपकल्प चेपून टाकलं. खाली निमुळतं होत जाणारं आपलं त्रिकोणी टोक त्याच्या नकाशात जवळजवळ नाहीच, किनारा सपाट आडवा पडलाय आणि सिलोन मात्र अवाढव्य. का? तर त्याने खलाशी आणि व्यापारी यांच्याकडून ऐकलं आणि लिहिलं. व्यापारी बंदर सांगतो, वळण सांगत नाही.

"याच्या जवळपासच्याच काळात आपल्याकडे बघ," असं म्हणून काका पाहुण्याला पांडवलेण्यावर नेतात. पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात, पण थांबत नाहीत. तीन नंबरच्या लेण्यात, जिथे बाकी मंडळी सेल्फी काढतात, तिथे काका भिंतीकडे बोट करतात. गौतमी बलश्रीचा लेख. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई नातवाच्या राज्यात हा लेख कोरवते आणि मुलाचा मुलूख मोजून सांगते: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. पुढे डोंगर: विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र आणि आणखी. आणि तीन समुद्रांचं पाणी प्यालेले घोडे. "हा नकाशा आहे," काका म्हणतात. "कागद नाही, रेघ नाही, स्केल नाही. पण कुठल्या डोंगरापासून कुठल्या समुद्रापर्यंत, सगळं आहे." मग थोडं थांबून, आरेखक जागा होऊन, "उत्तर दिशा दाखवायला हवी होती."

आता इथे एक सांगायला हवं. काका आफ्रिकेला कधी गेलेले नाहीत. समुद्रालाही ते दोनदाच भेटले असतील. पण आफ्रिकेचा नकाशा कसा बनत गेला, हा त्यांचा सर्वांत आवडता विषय आहे आणि कट्ट्यावरच्या मंडळींना नायजर नदी दारणेपेक्षा जास्त माहीत झाली आहे. द आँव्हील नावाच्या फ्रेंच नकाशाकाराने १७४९ मध्ये आफ्रिकेचा नकाशा काढला तेव्हा आतल्या भागातले हत्ती, काल्पनिक सरोवरं, ऐकीव राज्यं पुसून टाकली आणि जे माहीत नाही तिथे कोरा कागद ठेवला. काका या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करतात. "कोरं ठेवायला छाती लागते. आमच्या ऑफिसात कोरं ठेवलं असतं तर साहेब म्हणाले असते, इथे काहीतरी भरा."

आणि मग येतो जेम्स रेनेल. हा १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. गंगा-ब्रह्मपुत्रेची पात्रं त्याने होडीतून, काठाकाठाने फिरून मोजली, बंगालचा ॲटलास केला आणि १७८२ मध्ये सगळ्या हिंदुस्थानचा नकाशा छापला. तिथवर काकांचा आवाज आदराने खाली आलेला असतो. मग चढतो. "हाच माणूस! लंडनला परत गेला. गुडघ्यावर शाल घेऊन बसला. आफ्रिकेतून मुंगो पार्क नावाचा प्रवासी परत आला, त्याच्या हकिगतीवरून याने घरी बसून नकाशा काढला. आणि तिथे अख्खी डोंगररांग ठोकून दिली. काँग पर्वत! नव्हताच तो."

हे मात्र अक्षरशः खरं आहे. १७९८ च्या त्या नकाशातले काँग पर्वत पश्चिम आफ्रिकेच्या आडव्या अंगावर पसरले आणि जवळजवळ शंभर वर्षं एका ॲटलासातून दुसऱ्या ॲटलासात उतरत राहिले. पुढच्यांनी ते लांबवले, कुणी त्यांच्यावर बर्फ घातलं. शेवटी बँजे नावाचा फ्रेंच अधिकारी १८८७ ते १८८९ या काळात तिकडून पायी आला आणि म्हणाला, पर्वत नाही. त्याच रेनेलच्या मते नायजर नदी वाळवंटाकडच्या दलदलीत जिरत होती. ती समुद्राला मिळते हे १८३० मध्ये लँडर भावांनी तिच्यातून होडी हाकत जाऊन दाखवलं.

या गोष्टीतून काका जो प्रश्न घेऊन उठतात तो त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला विचारलेला आहे: "स्वतः जाऊन पाहिलंस?" कुणी म्हणालं की अमुक लेआउट चांगला आहे, काका: स्वतः जाऊन पाहिलंस? पावसात? कुणी सांगितलं, मुलीला स्थळ चांगलं आलंय, पुण्याला फ्लॅट आहे. काका: पाहिलास? कितव्या मजल्यावर?

जाऊन पाहणाऱ्यांत त्यांचं दैवत एकच, विल्यम लॅम्टन. १८०२ च्या एप्रिलात याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देशाची मोजणी वर सरकवत नेली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बरोबर. १८०८ मध्ये तंजावरला तो देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आदळलं. ही हकिगत काका सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याने चहाचा कप खाली ठेवावा, तशी अपेक्षा असते. लॅम्टनने तंबूत कोंडून घेऊन वाकलेलं चक्र स्वतःच्या हाताने सरळ केलं आणि पुढे निघाला. पुढे, पुढे, पुढे, आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मेला.

हिंगणघाट! काकूंना हे गाव पाठ आहे. ती दोघं शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला म्हणून निघाली होती. दर्शन झालं, झुणका-भाकरीचा प्रसाद झाला, आणि काका म्हणाले, आलोच आहोत विदर्भात तर. "आलोच आहोत म्हणजे," काकू सांगतात, "पुढे अडीचशे किलोमीटर. एका साहेबाच्या थडग्यासाठी. मला वाटलं, ह्यांच्या खात्यातला कुणी असेल." काका तिथे काय म्हणाले, असं मी विचारलं. "काही नाही. हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, एव्हरेस्ट याचा असिस्टंट होता. डोंगराला त्याचं नाव मिळालं, आणि ह्याला हे." काकूंनी तिथे उदबत्ती लावली. का, तर लांबून आलोच होतो.

अलीकडे काकांच्या आयुष्यात एक नवा प्रतिस्पर्धी आला आहे. त्यांचा पुतण्या बंगळुरूला जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांत, काम करतो. त्याने एक दिवस फोनवर जगातल्या सगळ्या नद्यांचा रंगीत नकाशा पाठवला. काकांनी तो टीव्हीवर लावून घेतला. ॲमेझॉन, काँगो, नायजर, आणि रेनेलने जिरवलेलं तिचं तोंडसुद्धा समुद्रापर्यंत स्वच्छ. काकू स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, "झाडाच्या पानाच्या शिरा आहेत का हो?" काका बोललेच नाहीत. ज्याने आयुष्यभर एकेक ओढा पेनाने ओढला, त्याच्यासमोर एका दमात सगळी पृथ्वी.

मग त्यांनी खोदून विचारलं, हे केलं कसं. पुतण्याने सांगितलं. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानातून अकरा दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली, जमिनीचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग. त्या उंचीवरून संगणकाला विचारलं, या चौकोनात पडलेलं पाणी शेजारच्या कुठल्या चौकोनात उतरेल? मग त्याच्या शेजारच्या? असं करत करत समुद्रापर्यंत. त्यातून नदीजाळ्याचे नकाशे तयार झाले. त्यातल्या 'हायड्रोरिव्हर्स' नावाच्या संचात नद्यांचे ८५ लाख तुकडे आहेत, सगळे मिळून ३ कोटी ५९ लाख किलोमीटर.

काका खूश झाले. पाणी उतारानेच जातं, हे अखेर अमेरिकेलाही पटलं होतं. दोन दिवस त्यांनी टीव्हीसमोरून हलायला नकार दिला. ब्रह्मगिरीच्या एका अंगाला बोट ठेवायचं, थेंब गोदावरीतून पूर्वेकडे निघायचा आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळायचा. बोट डोंगराच्या दुसऱ्या अंगाला नेलं की थेंब वैतरणेत, म्हणजे मुंबईकरांच्या नळात. "अरबी समुद्र इथून ऐंशी किलोमीटरवर, आणि आपली गंगा पाठ फिरवून अख्खा देश ओलांडून जाते. हट्टीच आहे," काका कौतुकाने म्हणाले. पेठ-सुरगाण्याचं पाणी पश्चिमेला, कळवणची गिरणा तापीला, दिंडोरीची कादवा गोदावरीला. एका जिल्ह्यातून पाणी तीन दिशांना आणि भांडणं सगळ्यांशी, तेही विशेषतः दर ऑक्टोबरात खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की.

तिसऱ्या दिवशी काकांनी नाशिक मोठं करून बघितलं. सरस्वती नाला नव्हता.

रात्री साडेदहाला बंगळुरूला फोन गेला. पुतण्याने शांतपणे सांगितलं की दहा चौरस किलोमीटरहून कमी पाणलोटाचे प्रवाह त्यात सहसा धरत नाहीत, वर रडार झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर यांनाच जमीन समजतं, आणि नाला तर झाकलेला. "शिवाय धरण भरलेलं होतं तर त्याला खालची नदी दिसली नाही, नुसता सपाट पाट दिसला," काकांनी स्वतःच भर घातली, आणि फोन ठेवून भिंतीकडे वळले. "८५ लाख! आणि आपला एक नाला नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री आणि टेप घेऊन दहीपुलाकडे जाताना दिसल्याचं लोक सांगतात.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. महाखंडाची नदी आकाशातून दिसते आणि गल्लीतला नाला गुडघ्यातून. पण काकांना हे सांगायला जाऊ नका. ते विचारतील, तुझे गुडघे किती भिजले आहेत आजवर.

जून लागला की काका वेगळेच होतात. तोवर कॉलनीत सगळे त्यांना टाळतात, जूनपासून सगळे शोधतात. पावसाळ्यात नाशिकचा माणूस क्युसेक आणि दशलक्ष घनफुटात बोलतो. वर्गातली मुलंसुद्धा 'गंगापूर किती भरलं' हे 'पेपर कसा गेला'च्या आधी विचारतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. काका गच्चीवरची काळी टाकी दाखवून सांगतात, "ही हजार लिटरची, एक क्युसेकने पस्तीस सेकंदांत भरते. आता दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला किती टाक्या, कर हिशेब." मुलं हिशेब करतात आणि घाबरतात. काकांना तेच हवं असतं.

पण शहराचं खरं मोजमाप वेगळं आहे आणि ते खात्याने बसवलेलं नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला, कंबरेला, छातीला, गळ्याला, अशी बातमी घराघरात फिरते. मारुती बुडाला म्हणजे पूर. काकांना सुरुवातीला हे खपत नसे. मूर्ती म्हणजे गेज नव्हे, तिच्यावर सेंटिमीटर कोरलेले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रांतून होळकर पुलाखालच्या विसर्गाचे आकडे आणि त्या-त्या दिवशी मारुती कितपत भिजला याच्या नोंदी घेऊन एक तक्ता केला. एका बाजूला क्युसेक, दुसऱ्या बाजूला मारुतीचे अवयव. तक्ता करून झाल्यावर त्यांनी कबूल केलं की हे गेज सरकारी गेजपेक्षा भारी आहे. भाजीवाली वाचू शकते, बॅटरी लागत नाही आणि नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही.

सप्टेंबर २००८. १९६९ चा महापूर ज्यांनी पाहिला होता ते घाटावर गेले नाहीत, ज्यांनी पाहिला नव्हता ते सगळे होळकर पुलावर होते. आमच्याकडचे एक गृहस्थ, ज्यांच्या वास्तुशांतीत काकांनी काळ्या रेघेचा विषय काढला होता आणि ज्यांनी त्यानंतर काकांना हळदी-कुंकवालासुद्धा बोलावलं नव्हतं (काकूंनाही नाही, हे काकू विसरलेल्या नाहीत), त्यांचा फोन आला. गेटसमोरून पाणी वाहतंय. माफी वगैरे नाही. एकच प्रश्न: "काका, किती चढेल?"

काकांनी घड्याळ बघितलं, पाऊस बघितला. "दुसऱ्या पायरीपर्यंत. तिसरी कोरडी राहील. फ्रिज वर उचल, बाकी राहू दे."

दुसरी पायरी भिजली. तिसरी राहिली. त्या घरात ओळखीपाळखीची माणसं गादी, धान्याचे डबे, मुलांची दप्तरं वर चढवत होती तेव्हा काका पॅन्ट दुमडून, गुडघाभर पाण्यात, गेटच्या खांबाशी ऑइल पेंटचा ब्रश घेऊन उभे होते. पाण्याची सर्वांत वरची ओल अजून ताजी होती. तिथे त्यांनी आडवी रेघ मारली, बाण काढला आणि तारीख घातली. मालक वरच्या खिडकीतून म्हणाला, काका, हे आत्ताच करायला हवं का? काका म्हणाले, "उद्या वाळेल."

त्यानंतर त्या घराला दोनदा रंग लागला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला सूचना होती की खांबावरची रेघ सोडून रंगवायचं. मालकच आता पाहुण्यांना ती रेघ दाखवतो आणि जोत्याची पातळी सांगतो, तीही समुद्रसपाटीपासून. ऑगस्ट २०१६ ला आणि २०१९ ला पाणी आलं तेव्हा त्यानेच काकांना फोन करून कळवलं, रेघेच्या खाली आहे.

लोकांचा एक गैरसमज काढण्यात मात्र काकांना अजून यश आलेलं नाही. पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर. ऐकणारा म्हणतो, झालं तर मग, २००८ ला येऊन गेला, आता २१०८ पर्यंत बघायला नको. काका कपाळाला हात लावतात. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता; गेल्या वर्षी आला म्हणून या वर्षी तो रजेवर जात नाही. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर फिटेपर्यंत लाल रेषेवरच्या घरात पाणी येण्याची शक्यता शंभरात अठरा. निळ्या रेषेवर असाल तर शंभरात छप्पन्न. हप्ता भरण्यापेक्षा पाण्याची खात्री जास्त, असं काका म्हणतात, आणि बँकेच्या माणसासमोर म्हणतात.

तेव्हा नाशिकमध्ये नदीकडेला घर बघत असाल, तर बाल्कनीतून गोदावरी दिसते का हे नंतर बघा. आधी विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते पाहा, तलाठ्याकडचा गावनकाशा काढून प्लॉटमधून ओढा जातो का ते पाहा, आणि एकदा तरी भर पावसात जाऊन गेटसमोर उभे राहा. काळी रेघ बघायची असेल तर नकाशेकाकांकडे या. चहा मिळेल, मात्र अंजनेरीवर डोकं टेकू नका. आणि मेपर्यंतच या. जून ते सप्टेंबर ते कुणाचे नसतात.